तारीख उलटली, आता काय देऊ?



पर्युषण संपलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या सुनेची तारीख उलटली. तारीख म्हणजे तिच्या दवाखान्याच्या कार्डावर लाल शाईने लिहिलेली. त्या दिवसापासून घरातला फोन थांबेना. मावससासूबाई म्हणाल्या, गरम दुधात दोन चमचे तूप घालून दे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चाळीचे जिने दोनदा चढउतार करू दे. उपाश्रयात भेटलेल्या एका काकूंनी कानाशी येऊन सांगितलं, "एरंडेल दे गं थोडं, रात्रीत मोकळी होईल."

एरंडेल हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे सांगते. त्या रात्री सुनेने मला विचारलं, "मम्मी, पूर्वी काय करायचे हो? तेव्हा तर इंजेक्शनं नव्हती." मी उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं की आपण "पूर्वी, पूर्वी" म्हणतो, पण ते पूर्वीचं आपल्याला नीट ठाऊकच नसतं. म्हणून गेले काही दिवस वाचलं, घरातल्या जुन्या गोष्टी आठवल्या, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

मुसळ घ्यावं की नाही?

कळा आणायचे उपाय किती जुने, असं शोधू लागले तर थेट चरकसंहितेपर्यंत जाऊन पोचले. तिच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बाळंतपणाचं सविस्तर वर्णन आहे. नवव्या महिन्यात सूतिकागारात जावं, औषधी तेलाचा बस्ती घ्यावा, तेलात भिजवलेला बोळा ठेवावा, म्हणजे अंग मऊ होतं, असं तिथे सांगितलं आहे. पण मला खिळवून ठेवलं ते पुढच्या एका वादाने.

कळा सुरू झाल्या आहेत पण सुटका होत नाही, अशा बाईला काय सांगावं? काही जण म्हणत, तिला उठवा, हातात मुसळ द्या, धान्याने भरलेलं उखळ कांडायला लावा, मधूनमधून जांभया देऊ द्या, चालू द्या. यावर भगवान आत्रेय म्हणतात, असं करू नये. गर्भिणीने जड कष्ट नेहमीच टाळावेत, आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेष करून टाळावेत. त्या वेळी तिचं सगळं शरीर हललेलं असतं, मुसळाच्या कष्टाने जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा उपचार करणंही अवघड. चालणं आणि जांभया देणं मात्र त्यांनी मान्य केलं. कळा आलेल्या नसताना जोर लावू नये, तो वाया जातो आणि त्रास होतो, हेही तिथेच सांगितलं आहे.

विचार करा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच आपल्याकडे दोन पक्ष होते. एक म्हणणारा, काहीतरी करा, लवकर सुटू दे. दुसरा म्हणणारा, थांबा, तिची ताकद राखा. आज माझ्या फोनवर जे चाललं होतं ते याहून निराळं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिलीत का? चरकाचे नाकाने हुंगायचे चूर्ण, भूर्जपत्राचा धूर, कंबरेला-पाठीला कोमट तेल चोळणं, हे सगळे उपाय कळा सुरू झालेल्या बाईसाठी आहेत. कळाच नसलेल्या बाईला कळा आणण्यासाठी नाहीत. हा फरक मनात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

नावातच कळ

त्या हुंगायच्या चूर्णात एक वनस्पती आहे, लांगली. आपल्या मराठीत तिचं नाव कळलावी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं दिसतात ना, तीच. कळ लावणारी ती कळलावी. संस्कृत निघंटूंमध्ये तिला 'गर्भनुत्', म्हणजे गर्भाला ढकलणारी, असंही नाव आहे. गंमत पाहा, भांडणं लावणाऱ्या माणसालाही आपण 'कळलाव्या' म्हणतो. बाळंतपणातली कळ आणि भांडणातली कळ, आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवली.

अडलेल्या बाईच्या तळपायांना, तळहातांना किंवा बेंबीभोवती हिच्या कंदाचा लेप लावायची जुनी चाल होती. सुटका झाली की लेप लगेच धुऊन टाकायचा. आघाड्याची मुळी कंबरेला बांधायची, आणि बाळ झालं की तत्काळ सोडायची, हीही चाल तशीच. गणपतीच्या पत्रीतला आघाडा, तोच.

आमच्या आजेसासूबाई, ज्यांना सगळं घर मोठीआई म्हणायचं, कळलावीचं नुसतं नाव घेतलं तरी आवाज खाली आणायच्या. "ती हाताने ओळखायची नाही, डोळ्याने ओळखायची," असं म्हणायच्या. त्यांची भीती खरी होती. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. तेच मोजून-मापून दिलं तर संधिवाताच्या एका प्रकारावर औषध आहे. पण कंद पोटात गेला तर उलट्या, जुलाब आणि मग एकेक अवयव बंद पडत माणूस दगावतो. आपण जैन बायका कंदमूळ खात नाही म्हणून निदान याबाबतीत वाचलो, असं मी सुनेला हसत म्हटलं. पण वाटून लेप लावायला कंद आणणारी घरं आपल्यातही होती, हे विसरून चालणार नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच, असं समजू नका. युरोपातल्या सुइणी राय धान्यावर वाढणारी अर्गट नावाची बुरशी वापरत. १८०८ साली अमेरिकेतल्या जॉन स्टर्न्स नावाच्या डॉक्टरने तिची माहिती छापली, आणि ती प्रसूतीची पूड म्हणून डॉक्टरांमध्ये पसरली. पण तिने येणारी कळ सुटतच नसे, गर्भाशय आवळूनच राही, आणि बाळं मृत जन्मू लागली. काही वर्षांतच न्यूयॉर्कच्या डॉ. होसॅक यांनी तिला मृत्यूची पूड म्हटलं. पुढे तिचा उपयोग बाळ झाल्यानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरता ठेवला गेला. म्हणजे उपाय कोणाचा, सुइणीचा की डॉक्टरचा, याने फरक पडला नाही. कळ आणणं सोपं, ती आवरणं अवघड, हे सगळ्यांनाच किंमत मोजून शिकावं लागलं.

गिरगावातली खोली, परळमधली खाट

मोठीआईंची पहिली बाळंतपणं गिरगावात झाली, दोन खोल्यांत. मागच्या खोलीला पडदा लावायचा, खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, आणि सुईण. आमच्या सासऱ्यांच्या वेळी दीड दिवस लागला, असं त्या सांगायच्या. कपाटांची कुलपं उघडली, केसांची गाठ सोडली, काशाच्या थाळीत केशराने चक्रव्यूह काढून तो धुतलेलं पाणी पाजलं. समोरच्या इमारतीतल्या मुसलमान बाईने वाटीभर पाण्यात मरियमचं वाळकं फूल भिजत घालून पाठवलं. ते उमलत जाईल तशी बाई मोकळी होईल, असा त्यांच्याकडचा विश्वास. मोठीआई म्हणायच्या, "फुलाने काय झालं ते देव जाणे, पण त्या वाटीकडे बघत बघत रात्र निघाली."

त्या बंद खोलीत खरी भीती कळा उशिरा येण्याची नव्हती. भीती होती बाळंतज्वराची. न धुतलेल्या हातांनी, जुन्या फडक्यांनी बाई दगावायची. याच मुंबईत त्यावर विचार करणारी माणसं होती. डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांनी १८७३ साली 'गर्भविद्या व प्रसूतिकरण' हे पुस्तक मराठीतून लिहिलं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि मुंबईत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी यादीही केली होती. म्हणजे सुईण काय वापरते आणि डॉक्टर काय वापरतो, दोन्ही ओळखणारा माणूस. रखमाबाई त्यांची सावत्र मुलगी. बालपणी झालेल्या लग्नाचा नवरा तिने नाकारला आणि तो खटला विलायतेपर्यंत गाजला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे ती लंडनला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाली, काही काळ मुंबईच्या कामा हॉस्पिटलात राहिली आणि मग सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात गेली.

कामा हॉस्पिटलची कथाही ऐकण्यासारखी आहे. बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि मरतात, म्हणून सोराबजी शापूरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी निधी जमवला, विलायतेहून डॉ. एडिथ पेची यांना बोलावलं. त्या १८८३ च्या अखेरीस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली आणि १८८६ साली फक्त बायका-मुलांचं, बायकांनीच चालवलेलं हॉस्पिटल उभं राहिलं.

त्याच १८८६ साली, तिकडे अमेरिकेत आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. तिने पदवीसाठी प्रबंध कशावर लिहावा? आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्या जुन्या ग्रंथांत काय सांगितलं आहे, ते तिने तिथल्या प्राध्यापकांपुढे मांडलं. जुनं टाकून द्यावं असं तिला वाटलं नाही, आणि जुन्यावरच थांबावं असंही वाटलं नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली. आपल्याला तिच्याकडून हा तोल तरी घेता येईल.

गिरणगावात गोष्ट आणखी वेगळी होती. परळ-लालबागच्या एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, बाई कळा येईपर्यंत साच्यावर उभी. जिला जमेल ती बाळंतपणाला कोकणात माहेरी जायची, जिला जमायचं नाही ती खोलीतच बाळंत व्हायची. १९२६ साली सर नेस वाडिया यांनी वडील नौरोसजी वाडियांच्या नावाने परळला प्रसूतिगृह काढलं ते मुख्यतः या गिरणीतल्या बायकांसाठी. आजही त्या भागात "वाडियात बाळंत झाली" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैत, मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा-भत्ता देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ साली तो कायदा झाला. शेवटच्या दिवसांत बाईला काय द्यावं, या प्रश्नाला इतिहासाने दिलेलं हे उत्तर मला सगळ्यांत पटलं. तिला आराम द्यावा.

दिवस भरले, दिवस उलटले

मोठीआईंच्या धाकट्या दोन मुली दवाखान्यात झाल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या हातात कार्ड आलं. त्या एक वाक्य नेहमी म्हणायच्या, "घरी होते तेव्हा दिवस भरायचे. कार्ड आलं आणि दिवस उलटायला लागले."

तेव्हा मी हसायचे. आता वाटतं, सगळं या वाक्यात आहे. दिवस भरणं म्हणजे आंबा पिकण्यासारखं, चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे. तारीख म्हणजे आगगाडीचं वेळापत्रक. कार्डावरची तारीख येते नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नियमाने. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा नियम अगदी सोपा आहे, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवायचे. होतात साधारण २८० दिवस. हे वाचताना मला एकदम पर्युषणातलं कल्पसूत्राचं वाचन आठवलं. त्रिशलामातेच्या पोटी भगवान महावीर पूर्ण नऊ महिने आणि साडेसात दिवसांनी जन्मले, असं आपण दरवर्षी ऐकतो. हिशेब जिथून धरायचा ती जागा दोन्हीकडे वेगळी आहे, तेव्हा याला योगायोगच म्हणायचं. पण ऐकून माझी सून तारीख उलटल्यापासून पहिल्यांदा हसली.

त्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या बायका शंभरात पाचही नसतात. ३७ ते ४२ आठवडे हा सगळा काळ नेमाचाच. त्यातही ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळाला घाई करू नये, कारण शेवटच्या त्या दिवसांत फुप्फुसं आणि मेंदू तयार होत असतात, असं आता डॉक्टर सांगतात. याच मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचं नाव जगभर झालं ते कशासाठी? १९५५ साली त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा टाका जगापुढे मांडला, बाळ वेळेआधी येऊ नये म्हणून!

मला वाटतं, घोटाळा इथे झाला. अडलेल्या बाईसाठी असलेले उपाय कार्डावरच्या तारखेमुळे न अडलेल्या बाईला दिले जाऊ लागले. बाळंतिणीच्या खोलीतली पुडी स्वयंपाकघराच्या फळीवर आली. सुईण निदान समोर बसून हात लावून बघत होती. आता पुडी आहे, पण बघणारं कोणी नाही.

माझी गोष्ट

आता एरंडेलाचं सांगते. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

१९९१ साल. माझ्या पहिल्या वेळी तारीख उलटून सहा दिवस झाले होते. ओळखीतल्या एका बाईंनी दुपारी गरम दुधातून एरंडेल दिलं. त्यांनी प्रेमानेच दिलं, आणि मीही कंटाळले होते, डोळे मिटून प्यायले. संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. कळा आल्या, पण त्या एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. रात्री दवाखान्यात नेलं तेव्हा जीभ कोरडी पडली होती आणि उभं राहवत नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही घेतलं होतंस का?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? त्या रागावतील म्हणून. सासरच्या माणसांचं नाव खाली येईल म्हणून. एवढंच. बाळाने पोटातच शी केली होती, त्याला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. तो सुखरूप आहे, तोच आता बाप होतो आहे. ते सगळं एरंडेलानेच झालं असं कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण त्या बाई माझ्या जिवासाठी धडपडत होत्या आणि मी त्यांना अंधारात ठेवलं, हे मला चौतीस वर्षं टोचतं आहे. आपण पडिक्कमणात रोज बोललेल्या-न बोललेल्या चुकांची क्षमा मागतो. ही त्यातली एक.

एरंडेल काम करतं, हे खोटं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात विलायतेचे डॉक्टरसुद्धा कळा आणायला एरंडेल आणि क्विनीन देत. २०१२ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की त्यातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याला ज्या जागी आवळतं, तसल्याच जागी गर्भाशयालाही आवळतं. म्हणूनच ते घरगुती नव्हे, औषधच आहे. किती द्यायचं आणि किती कळा येतील, याचं माप मात्र कोणाकडे नाही. २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात तीन अभ्यासांतल्या २३३ बायकांची माहिती पाहिली, तर सिझेरियन टळल्याचा पुरावा नव्हता, मळमळ मात्र घेतलेल्या सगळ्यांनाच झाली होती. आधी सिझेरियन झालेल्या बाईच्या जुन्या टाक्यावर अशा जोरकस कळांचा ताण येणं तर जिवावरचं.

मग काय द्यायचं?

तूप घातलेलं दूध द्या, आनंदाने द्या. त्याने बाळ घसरून येत नाही. अन्नाची पिशवी वेगळी, गर्भाची पिशवी वेगळी. पण बाईला ताकद येते, पोट साफ राहतं, आणि कोणीतरी आपल्यासाठी उभं राहून दूध तापवलं, हे कळतं.

चालू द्या, पण जिने चढउतार करून दमवू नका. चालण्याने कळा सुरू होतात असा पक्का पुरावा नाही. कळा सुरू झाल्यावर उभं राहिलं, चाललं, तर पहिला टप्पा सरासरी तासाभराने लवकर सरतो, असं मात्र अभ्यासांत दिसलं आहे. आत्रेयांनी मुसळ नाकारलं आणि चालणं ठेवलं, ते उगाच नाही.

खजुराबद्दल खूप जणी विचारतात. २०११ साली जॉर्डनमधला एक अभ्यास छापून आला. शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ जणी आणि न खाणाऱ्या ४५ जणी. खाणाऱ्यांना आपोआप कळा येण्याचं प्रमाण जास्त होतं. पण अभ्यास लहान, आणि कोणी खायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. तेव्हा चालत असेल तर खा. फाल्गुन चौमासीनंतर कार्तिकापर्यंत आपल्यापैकी बऱ्याच घरांत खजूर-खारीक बंद असतो. नेम असेल तर त्यावाचून काही अडत नाही, मनाला लावून घेऊ नका.

एरंडेल, कळलावी, आघाडा, काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली कुठलीही पुडी, कोणाच्या हातून आली तरी घेऊ नका. ४१ आठवडे पूर्ण झाले की डॉक्टरांशी कळा आणण्याबद्दल बोला. गर्भाशय आवळणारं जे द्रव्य आपल्या शरीरात आपोआप तयार होतं, तेच ऑक्सिटोसिन १९५३ साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवलं, त्यांना १९५५ साली नोबेल मिळालं. ते थेंबाथेंबाने देतात, बाळाचे ठोके ऐकत देतात, आणि जास्त झालं तर नळी बंद करता येते. पोटात गेलेलं एरंडेल बंद करता येत नाही.

आणि एक गोष्ट कल्पसूत्रातली. आईला त्रास नको म्हणून भगवान गर्भात निश्चल झाले, तेव्हा त्रिशलामाता घाबरली, सगळा महाल शोकात बुडाला. मग त्यांनी जरासं हलून तिला धीर दिला. बाळ हलेनासं झालं की आईने घाबरावं, हे इतकं जुनं आहे. म्हणून बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा ताप आला, तर चाळीसावा आठवडा असो की अडतिसावा, दूध-तुपाची वाट न बघता दवाखाना गाठा.

त्या रात्री मी सुनेला हे सगळं सांगितलं, माझं १९९१ चंही. ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठली, उशीखालून एक छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली. उपाश्रयातल्या काकूंनी तिलाही दिलं होतं.

मी बाटली मोरीत ओतली. दुसऱ्या दिवशी तपासणीला तिच्याबरोबर गेले आणि डॉक्टरबाईंना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं की घेतलं नाही, पण जवळ होतं. त्या रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या आणि बाळाचे ठोके आम्हाला ऐकवले.

हे लिहिते आहे तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले आहेत. सून शेजारच्या खोलीत डाव्या कुशीवर झोपली आहे. मी दूध तापत ठेवलं आहे.